साहेबांच्या घरची कंपनी

पुसेगावचा शेतकरी हमीभाव केंद्रावर सोयाबीन घेऊन जातो तेव्हा त्याच्या वर्षभराच्या मेहनतीचा निकाल ओलावा मोजणारं एक छोटं यंत्र लावतं. आकडा बारा टक्क्यांच्या आत आला तर माल आत, वर गेला तर ट्रॅक्टर माघारी. २०२५-२६ च्या हंगामाला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये ठरला. तो पदरात पडणार की बाहेरचा व्यापारी देईल त्या भावात माल ओतावा लागणार, हे त्या यंत्राजवळ उभा असलेला माणूस ठरवतो. तो केंद्र चालवणाऱ्या संस्थेचा असतो. ही संस्था कधी खरेदी-विक्री संघ असते, कधी शेतकरी उत्पादक कंपनी. केंद्र कोणाला द्यायचं, त्याची तपासणी कोणी करायची, तक्रार आली तर चौकशी कोणी करायची, हे सगळं सरकारी यंत्रणेच्या हातात.

मग त्या कंपनीच्या संचालकांत चौकशी करणाऱ्या साहेबांच्याच घरचं माणूस निघालं तर शेतकऱ्याने दाद कोणाकडे मागायची?

हा प्रश्न कुणा एकावर बोट दाखवण्यासाठी नाही. सेनगाव तालुक्यातल्या आमच्या पुसेगावात तो विचारतो आहे, कारण राज्यातल्या कुठल्याही गावात तो विचारता येतो. (साताऱ्याचं पुसेगाव वेगळं, सेवागिरी महाराजांचं. तिथेही विचारायला हरकत नाही.) पारावर हा प्रश्न रोज विचारला जातो, पण दबक्या आवाजात. कागदावर तो येत नाही, म्हणून त्याला उत्तरही मिळत नाही. २०२५ च्या सुरुवातीला हमीभाव खरेदीच्या नोडल संस्थांबद्दल तक्रारी थेट मंत्रालयात गेल्या. काही संस्थांचे संचालक एकाच घरातले आहेत, हीही त्यातली एक तक्रार होती. सरकारला त्यासाठी समिती नेमावी लागली. म्हणजे पारावरची कुजबुज अगदीच हवेतली नव्हती.

नियम काय म्हणतो ते आधी बघू. नियम आहे आणि चांगला कडक आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ चा सोळावा नियम सांगतो की सरकारच्या आधी घेतलेल्या मंजुरीशिवाय कर्मचाऱ्याने धंदा करायचा नाही, दुसरी नोकरी करायची नाही, कंपनी किंवा बँक स्थापन करण्यात वा चालवण्यात भाग घ्यायचा नाही. सरकारी नोकरांच्याच भल्यासाठी असलेल्या पतसंस्थेसारख्या सहकारी संस्थांना त्यात सवलत आहे. बायकोची विमा एजन्सी असेल आणि साहेब तिच्यासाठी गिऱ्हाईक गोळा करत असतील, तर तोही नियमभंग. घरातलं कोणी धंद्यात असेल तर तसं सरकारला कळवायचं. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना आणि ग्रामसेवकांना १९६७ चे वेगळे वर्तणूक नियम लागू आहेत, त्यांचा रोखही हाच. त्याच्यावर फौजदारी कायदा आहे. कायद्याने मनाई असताना लोकसेवकाने व्यापार केला तर जुन्या दंडविधानाचं कलम १६८ लागायचं, आता भारतीय न्याय संहितेचं कलम २०२ लागतं: एक वर्षापर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही, किंवा समाजसेवा.

इतका बंदोबस्त असताना साहेब स्वतः संचालक कशाला होतील? ते होतच नाहीत. संचालक होते वहिनी. नाहीतर धाकटा भाऊ, सासरेबुवा, मेहुणा. मधल्या काळात सरकारने पदांची नावं बदलली. तलाठी ग्राम महसूल अधिकारी झाले, ग्रामसेवक ग्रामपंचायत अधिकारी झाले, कृषी सहायक सहायक कृषी अधिकारी झाले. पाट्या रंगवून झाल्या. पण या पदावरच्या माणसाच्या घरचे धंदे कोणते आणि त्यांचा त्याच्या टेबलावरच्या फायलींशी संबंध काय, हे लिहिणारी पाटी कुठेच लागली नाही.

इथे मला एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे, कारण या विषयावर बोलताना ती हमखास पायदळी तुडवली जाते. सरकारी नोकराच्या घरच्यांनी धंदा करू नये, असं माझं म्हणणं नाही. शिक्षकाच्या बायकोच्या नावावर पाच एकर असतील, ती हळद पिकवत असेल, तर शेतकरी उत्पादक कंपनीत तिचा हक्क इतर कुणाही शेतकऱ्याइतकाच आहे. वसमत आणि हिंगोलीची हळद नाव कमावते आहे, त्यात राबणारे हात बायकांचे आहेत. त्यातली एखादी संचालक मंडळावर बसली तर मला आनंद आहे. दहा उत्पादक एकत्र आले की अशी कंपनी काढता येते आणि मंडळावर पाच ते पंधरा संचालक लागतात. केंद्राने २९ फेब्रुवारी २०२० ला दहा हजार शेतकरी उत्पादक संघटनांची योजना सुरू केली, तिला ६,८६५ कोटी रुपये ठेवले. राज्यात जागतिक बँकेच्या मदतीचा स्मार्ट प्रकल्प आला, त्याआधी हवामान अनुकूल शेतीचा पोकरा प्रकल्प आला, त्यात हिंगोली जिल्हाही होता. गोदाम, चाळणी यंत्र, अवजार बँक यांना अनुदान मिळायला लागलं. जिथे अनुदान आलं तिथे कंपन्या उगवल्या. त्यातल्या काही खरोखर शेतकऱ्यांनी उभ्या केल्या आहेत आणि त्या चालाव्यात म्हणून माणसं रात्रंदिवस राबतात. अशा कंपन्यांना या लेखाने धक्का लागू नये, उलट बळ मिळावं, हीच माझी इच्छा आहे.

धक्का लागायला हवा तो वेगळ्या प्रकाराला. प्रस्ताव कंपनीचा, छाननी साहेबांची आणि कंपनी घरची, या प्रकाराला. त्यातही सर्वात जास्त फसते ती सही करणारी बाई. संचालक व्हायला तिच्या नावाने संमतीचा कागद भरला जातो, तिच्या नावाचा संचालक क्रमांक निघतो, तिच्या नावाची डिजिटल सही असलेलं टोकन निघतं. ते टोकन पेनड्राइव्हएवढं असतं. ते कोणाच्या खिशात असतं? तिच्या नसतं. कधी साहेबांच्या बॅगेत, कधी सीएच्या कपाटात. कंपनीने सलग तीन वर्षं हिशेब दाखल केले नाहीत तर कंपनी कायद्याच्या कलम १६४ नुसार तिचे संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात. २०१७ मध्ये केंद्र सरकारने या कलमाचा बडगा उगारला तेव्हा देशभरात तीन लाखांवर संचालक एका फटक्यात अपात्र ठरले. कंपनीने कर्ज घेतलं असेल आणि हमीपत्रावर तिची सही असेल तर बँकेची नोटीसही तिच्याच नावाने दारात येते. नोकरी साहेबांची सुरक्षित, जोखीम वहिनींची. सेनगाव तालुक्यातल्या ज्या भगिनीच्या नावावर कंपनी आहे तिने आजच टोकन मागून घ्यावं. ते तिचं आहे.

आता खरा घोळ कुठे आहे तिथे येतो.

गावात दोन प्रकारची माणसं सार्वजनिक पैसा हाताळतात. एक निवडून आलेली, एक नेमलेली. निवडून आलेल्यांना महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ चं कलम १४ लागू आहे. पंचायतीच्या आदेशाने होणाऱ्या कामात सदस्याचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असला तर तो सदस्य राहायला अपात्र. गावातला कोणीही जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करू शकतो, सुनावणी होते, पद जातं. हिंगोलीच काय, प्रत्येक जिल्ह्याच्या कलेक्टर कचेरीत असे अर्ज पडलेले असतात. त्यातले काही सूडाचे असतात, हे खरं. पण सरपंचाच्या भावाचा जेसीबी पंचायतीच्या नालीवर दिसला की गावात बोंब होते आणि ती बोंब ऐकायला कायद्याने एक खुर्ची ठेवली आहे.

आणि त्याच नालीची मापं घेणारा शाखा अभियंता? एमबीत, म्हणजे मोजमाप पुस्तकात, लांबी-रुंदी लिहिणारा, बिल काढणारा, दाखला देणारा? त्याच्या भावाचा जेसीबी असेल तर? तिथे गावकऱ्याला कोणतं कलम सापडतं? तिथे सापडतं एक बंद पाकीट. कर्मचाऱ्याने घरच्या धंद्याची माहिती वरिष्ठांना कळवायची, वरिष्ठांनी ती सेवापुस्तकाशेजारी ठेवायची, आणि पाकीट कपाटात. कोणी उघडून वाचलं का, वाचून ती फाइल दुसऱ्याकडे दिली का, याची नोंद गावकऱ्याला दिसत नाही. पाच वर्षांसाठी निवडून आलेल्या सरपंचावर गावाचा डोळा. तीस-पस्तीस वर्षं नोकरी करणाऱ्या कर्मचाऱ्यावर कपाटाचं कुलूप.

हा फरक न्यायालयातही दिसतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ या एकाच वर्षात दोन निकाल दिले. ते शेजारी ठेवून वाचावेत असं मला फार दिवसांपासून वाटत आलं आहे. पहिला गोव्यातला. एका पंचायत सदस्यबाईंच्या नवऱ्याने त्याच पंचायतीचं काम ठेक्याने घेतलं होतं. ठेका नवऱ्याचा, सदस्यत्व बाईंचं. न्यायालयाने म्हटलं की हितसंबंध आहे, आणि बाईंचं सदस्यत्व गेलं. पंचायतीत बसलेल्या माणसाचं कर्तव्य आणि त्याच्या घरचा फायदा समोरासमोर येता कामा नये, हा त्या निकालाचा गाभा. मला तो पटतो.

दुसरा निकाल आपल्या शेजारचा, अकोल्याचा. गिरीश रामचंद्र देशपांडे यांनी अकोल्याच्या भविष्य निर्वाह निधी कार्यालयात काम केलेल्या एका अंमलबजावणी अधिकाऱ्याबद्दल माहिती अधिकारात अर्ज केला होता. मालमत्ता, गुंतवणूक, कर्जं, मुलाच्या लग्नातल्या भेटवस्तू, मिळालेल्या कारणे दाखवा नोटिसा, असं सगळं मागितलं होतं. ३ ऑक्टोबर २०१२ ला निकाल लागला: ही त्या अधिकाऱ्याची वैयक्तिक माहिती आहे, माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ञ) खाली ती देता येत नाही, व्यापक जनहित सिद्ध केलं तर गोष्ट वेगळी. लग्नातल्या भेटवस्तूंची यादी गावाला कशाला हवी, असं कोणी म्हणालं तर मी वाद घालणार नाही. पण त्या एका निकालाचा आधार घेऊन नंतर कचेऱ्याकचेऱ्यांतून साधी साधी माहितीही ‘वैयक्तिक’ म्हणून नाकारली जाऊ लागली. माहिती मागणाऱ्याने जनहित सिद्ध करायचं, आणि जनहित सिद्ध करायला जी माहिती लागते ती कपाटात.

निवडून आलेल्या बाईंना नवऱ्याचा ठेका भोवला. नेमलेल्या अधिकाऱ्याची गुंतवणूक झाकली गेली. दोघंही जनतेच्याच पैशावर बसलेले. हा भेद मला अन्यायाचा वाटतो.

वर आणखी एक घाव बसला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराचं तेच उपकलम बदललं आणि हा बदल नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आला. पूर्वी त्या उपकलमातच अट होती की सार्वजनिक कामाशी किंवा जनहिताशी संबंध असेल तर माहिती द्यावी. आता तिथे ‘वैयक्तिक माहिती’ एवढंच उरलं. कलम ८(२) मधला जनहिताचा दरवाजा अजून उघडा आहे, हे लक्षात ठेवा आणि अर्जात ते कलम नाव घेऊन लिहा. पण दरवाजा अरुंद झाला, हे नक्की. ज्या राज्याने माहिती अधिकारासाठी अण्णा हजारे यांचं उपोषण पाहिलं, ज्या राज्याचा स्वतःचा कायदा केंद्राच्या आधी, २००२ च्या वर्षापासून होता, त्या राज्यात यावर जेवढा आवाज व्हायला हवा होता तेवढा झाला नाही.

तरीही एक गंमतशीर विसंगती आपल्या बाजूने आहे. कंपनीचे संचालक कोण, हे गुपित नाही. केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीचं नाव टाकलं की संचालकांची नावं दिसतात. पुसेगावचा कुठलाही पदवीधर पोरगा मोबाइलवर ते बघू शकतो. म्हणजे अर्धी माहिती उघड्यावर आहे. उरलेली अर्धी, म्हणजे हा संचालक त्या साहेबांचा कोण लागतो, एवढीच कपाटात आहे. गावाला बहुतेक वेळा तीही माहीत असते. माहीत नसतं ते फक्त सरकारला, निदान कागदोपत्री.

हे गावपातळीचं झालं. वर चढत गेलं की प्रकार बदलतो. वर साहेब चोरून संचालक होत नाहीत, सरकारच त्यांना संचालक करतं.

यात मुळात वाईट काही नाही. कंपनीत सरकारचा पैसा असेल तर सरकारचा माणूस तिथे बसायलाच हवा. पण संचालक झालेल्या माणसाला कंपनी कायद्याचं कलम १६६ सांगतं की कंपनीच्या हिताने वाग, आणि त्याची मूळ खुर्ची सांगते की जनतेच्या हिताने वाग. दोन्ही हितं एका दिशेला असतील तोवर ठीक. ती फुटली की काय होतं, याचा धडा महाराष्ट्राने दाभोळमध्ये शिकायला हवा होता. गुहागर तालुक्यातल्या त्या एन्‍रॉनच्या प्रकल्पात वीज विकत घेणारं एकच गिऱ्हाईक होतं, महाराष्ट्र राज्य वीज मंडळ. आणि त्याच दाभोळ पॉवर कंपनीत १५ टक्के वाटाही मंडळाचा होता. एन्‍रॉनचा ६५, जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेलचा दहा-दहा. गिऱ्हाईक म्हणून मंडळाला विजेचं बिल कमी व्हायला हवं, वाटेकरी म्हणून कंपनीची वसुली पूर्ण व्हायला हवी. मे १९९९ मध्ये पहिल्या टप्प्याची ७४० मेगावॅट वीज सुरू झाली आणि मे २००१ मध्ये मंडळाने खरेदी बंद केली, कारण ते बिल परवडत नव्हतं. माधव गोडबोले यांच्या समितीने २००१ मध्ये या कराराची चिरफाड केली. करार चुकला, दर चुकले, मागणीचा अंदाज चुकला, हे सगळं त्यानंतर पुष्कळ लिहिलं गेलं. पण ज्याच्याशी घासाघीस करायची त्याच्याच घरात वाटेकरी होऊन बसायचं का, हा प्रश्न तेव्हा मागेच राहिला आणि आजही मागेच आहे.

आजची उदाहरणं हवीत तर नवी मुंबईचा विमानतळ घ्या. सवलतीचा करार देणारी सिडको, आणि विमानतळ चालवणाऱ्या कंपनीत २६ टक्के वाटाही सिडकोचा, उरलेला ७४ टक्के अदानी समूहाचा. छत्रपती संभाजीनगरात स्मार्ट सिटीसाठी कंपनी निघाली आणि महापालिकेचे आयुक्तच तिचे मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. कितीतरी जिल्हा परिषदांत २०२२ पासून निवडून आलेलं सभागृह नव्हतं, मुख्य कार्यकारी अधिकारीच प्रशासक. प्रस्ताव मांडणारा तोच, मंजूर करणारा तोच. यात अमुक अधिकाऱ्याने गैर केलं असं मी म्हणत नाही. गैर झालं तर ते पकडायला तिथे दुसरा माणूस बसवलेला नव्हता, एवढंच म्हणतो, आणि ते पुरेसं गंभीर आहे.

परदेशात हे होत नाही अशी कोणाची समजूत असेल तर ती काढून टाका. ब्रिटनमध्ये सरकारी खरेदीचा सर्वोच्च अधिकारी होता बिल क्रॉदर्स. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये, सरकारी नोकरीत असतानाच, तो ग्रीनसिल कॅपिटल या वित्त कंपनीचा अर्धवेळ सल्लागार झाला. लपूनछपून नाही, सरकारच्या परवानगीने. पुढे नोकरी सोडल्यावर तो तिथे संचालकही झाला. मार्च २०२१ मध्ये ग्रीनसिल बुडाली आणि त्यानंतरच्या महिन्यात ही परवानगी उजेडात आली. सारा देश हादरला. सगळ्या खात्यांना फर्मान सुटलं की कोणाकोणाला बाहेरची कामं आहेत ते ताबडतोब कळवा. आता तिथली खाती वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या बाहेरच्या पदांची माहिती प्रसिद्ध करतात. मला या प्रकरणातली परवानगीची गोष्ट महत्त्वाची वाटते. नियम पाळला गेला होता! फक्त तो बंद खोलीत पाळला गेला, म्हणून त्याचा कोणालाच उपयोग झाला नाही.

मुंबईतही हेच झालं. ऑगस्ट २०२४ मध्ये हिंडेनबर्ग या अमेरिकी संस्थेच्या अहवालाने शेअर बाजाराचं नियमन करणाऱ्या सेबीच्या तेव्हाच्या अध्यक्षा माधबी पुरी बुच यांच्यावर सल्लागार कंपनीतल्या हिश्शावरून आणि गुंतवणुकींवरून आरोप केले. त्यांनी आरोप नाकारले, आपण वेळोवेळी माहिती दिली होती असं सांगितलं, आणि मे २०२५ मध्ये लोकपालांनी त्यांच्याविरुद्धच्या तक्रारी निकालात काढल्या. म्हणजे आरोप टिकले नाहीत. पण मधले नऊ महिने कोट्यवधी गुंतवणूकदारांच्या मनात संशय राहिला. कारण दिलेली माहिती संस्थेच्या आत होती, बाहेरच्याला पडताळून बघता येत नव्हती. त्याच काळात सेबीने प्रत्यूष सिन्हा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि तिने नोव्हेंबर २०२५ मध्ये सांगितलं की वरच्या अधिकाऱ्यांनी आपली मालमत्ता आणि हितसंबंध जाहीर करावेत. निर्दोष माणसाचंही कपाटाने नुकसानच केलं.

प्रामाणिक अधिकाऱ्यांना मी हेच सांगेन. तुमची संख्या कमी नाही. हिंगोलीसारख्या जिल्ह्यात, १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झालेल्या आणि तेव्हापासून रिकाम्या पदांनी गांजलेल्या जिल्ह्यात, तुमच्यातले अनेक जण दोन-दोन टेबलांचा भार ओढतात. तुमच्या भावाचं कृषी सेवा केंद्र असेल, बायको कंपनीत संचालक असेल, तर ते लिहून दारावर लावा. ‘या केंद्राची तपासणी मी करणार नाही, शेजारच्या मंडळाचे अधिकारी करतील’ असं त्याखाली लिहा. ज्या दिवशी लावाल त्या दिवशी चहाच्या टपरीवरचं बोलणं थांबेल. केंद्रीय वर्तणूक नियमांचा चौथा नियम हेच सांगतो: घरच्याचा संबंध असलेल्या कंपनीची बाब टेबलावर आली तर स्वतः निर्णय करू नका, वरिष्ठांकडे पाठवा. आपण पाठवली आणि का पाठवली, हे फक्त दिसायला हवं.

‘बदनामी होईल’ असं काही जण म्हणतील. ‘घरच्यांची नावं भिंतीवर कशी लावायची’ असंही. भूमिका मला समजते. म्हणून मी पगार मागत नाही, बँकेतली शिल्लक मागत नाही, दागिने मागत नाही. बिहार सरकार आपल्या कर्मचाऱ्यांची मालमत्ता दरवर्षी संकेतस्थळावर टाकतं, तेवढंही मागत नाही. मागतो ते एवढंच: या कर्मचाऱ्याच्या कुटुंबातल्या कोणाचा कोणत्या कंपनीत, ठेक्यात, दुकानात वा संस्थेत सहभाग आहे, आणि त्या कंपनीची कोणती बाब त्याच्या अधिकारात येते. जिथे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘कोणतीच नाही’ असेल तिथे पहिलंही जाहीर करायची गरज नाही. अभियंत्याच्या बायकोचं ब्यूटी पार्लर गावाला कळून काही उपयोग नाही. तिच्या भावाची खडी क्रशर कळून आहे.

हे करायला विधानसभेची वाट बघायला नको. ग्रामपंचायत कायद्याने गावात काम करणाऱ्या सरकारी, निमसरकारी कर्मचाऱ्यांवर ग्रामसभेला शिस्तीचा अधिकार दिलेला आहे. अनियमितता दिसली तर ती गटविकास अधिकाऱ्यांकडे कळवता येते. हा अधिकार आपण फक्त ‘मास्तर उशिरा येतात’ एवढ्यापुरता वापरला. तो हितसंबंधांसाठीही वापरता येईल. पुसेगावच्या ग्रामसभेने ठराव करावा की गावातल्या कामाची मापं घेणारे, बिलं काढणारे, अनुदानाची शिफारस करणारे सगळे कर्मचारी वर्षातून एकदा ही दोन ओळींची माहिती सभेसमोर ठेवतील, आणि ती इतिवृत्तात लिहिली जाईल. कोणी नकार दिला तर नकारही इतिवृत्तात लिहावा. नकार लिहिलेला कागद पुढे लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला, लोकायुक्तांना, न्यायालयाला, कोणालाही दाखवता येतो. कुजबुज दाखवता येत नाही.

जिल्हाधिकाऱ्यांकडे वेगळं मागणं आहे. हमीभाव केंद्र किंवा अनुदान घेणाऱ्या प्रत्येक कंपनीकडून एक प्रतिज्ञापत्र घ्या, की आमच्या अमुक संचालकाचं अमुक खात्यातल्या अमुक कर्मचाऱ्याशी अमुक नातं आहे, किंवा कोणाशीही नाही. खोटं निघालं तर अनुदान परत. कंपनी मंत्रालयाच्या संकेतस्थळावरची संचालकांची यादी त्याला जोडून घ्या. हे जिल्हाभर एकदम जमणार नसेल तर हिंगोली, कळमनुरी, औंढा नागनाथ, वसमत आणि सेनगाव यांतला एकच तालुका आधी घ्या. सेनगाव घ्या, आम्ही तयार आहोत.